फ्लोरेन्समध्ये कुठे खायचं? साबा-साबू शाकाहारी, आम्ही दोघं बीफ सोडून सगळं

मुठेकाठची :
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं फ्लोरेन्सला जातोय, मी, नवरा आणि साबा-साबू (सासूबाई-सासरेबुवा). बाकीची इटली टूर कंपनीबरोबर आहे पण फ्लोरेन्सचे दिवस मुद्दाम आमच्या हातात ठेवलेत कारण साबूंनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि त्यांना उफित्सी हे चित्रांचं म्युझियम आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा कुणी मागे घाई न करता बघायचाय. राहायची जागा सान्ता क्रोचे चर्चच्या जवळ आहे, छोटं किचन आहे त्यामुळे सकाळचा चहा-पोहे होतील, पण दोन्ही वेळचं जेवण काही मी तिथे जाऊन करणार नाहीये.

आता खाण्याचं. साबा शाकाहारी, अंडंही नाही. साबूंना अंडं चालतं. आम्ही दोघं बीफ सोडून सगळं खातो. नेटवर बघितलं तर सगळीकडे तीच दहा नावं फिरतायत आणि अर्ध्या ठिकाणी फोटो फक्त त्या भल्यामोठ्या स्टेकचे. साबांना रोज पिझ्झा नाही देववत हो. त्या काही बोलणार नाहीत, गपचूप ब्रेड खातील आणि रात्री अॅसिडिटी होईल, म्हणून आधीच विचारतेय. फार महाग नको, बसायला जागा हवी. तिथे राहणारं किंवा नीट राहून आलेलं कुणी आहे का?

भटका खवय्या :
व्हिया देई नेरी नावाची गल्ली तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर असेल. आल्ल'आंतिको व्हिनायो तिथलंच, स्कियाच्याता म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा खरपूस ब्रेड मधून कापून आत हॅम, चीज, वांगं वगैरे भरून देतात. आकार असा की एकात दोघांचं होतं. चीज, ग्रिल्ड भाज्या आणि आर्टिचोक नावाच्या भाजीचं क्रीम घालून शाकाहारी करून मिळतं. रांग मोठी असते पण पटपट सरकते, साडेअकराला गेलात तर कमी. बसायला जागा मात्र जवळपास नाहीच आणि त्या गल्लीत पायऱ्यांवर फतकल मारून खाऊ नका. २०१८ साली तिथल्या महापौरांनी ह्याच गल्लीत आणि उफित्सीच्या आसपास जेवणाच्या वेळात रस्त्यावर बसून खाण्यावर बंदी घातली होती, दंड दीडशे ते पाचशे युरो. सध्याचा नियम तिथली पाटी बघून पाळा.

आर्नोकाठी :
मुठेकाठची ताई, मी फ्लोरेन्समध्येच राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून, आणि माझा रोजचा बाजार तुमच्या जागेजवळच्याच सान्तांब्रोजो मंडईतला. त्यामुळे हे जरा लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे साबांची काळजी कमी करा. ह्या भागातलं खरं घरचं जेवण स्टेकचं नाहीच, ते वाल-घेवड्याचं, शिळ्या ब्रेडचं आणि पालेभाजीचं आहे. बाकीचे इटालियन ह्या तोस्काना प्रांतातल्या लोकांना घेवडा खाणारे, म्हणजे बीन्सवाले, असंच चिडवतात. स्टेक हा रविवारचा आणि पाहुण्यांचा, रोजचं म्हणजे रिबोल्लिता. पांढरा घेवडा, काळपट हिरवा कोबी ज्याला कावोलो नेरो म्हणतात, गाजर, सेलेरी, कांदा ह्याचं दाट सूप करायचं, त्यात शिळा ब्रेड थरांनी घालायचा आणि दुसऱ्या दिवशी परत उकळायचं. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं की ताटात वाढून वरून कच्चं ऑलिव्ह तेल सोडतात. गरम, मऊ, पोटभरीचं, ज्येष्ठांना एकदम चालणारं. दुसरं पाप्पा आल पोमोदोरो, टोमॅटो, लसूण, तुळशीसारखं बेसिल आणि शिळा ब्रेड एकत्र शिजवून. सप्टेंबरअखेर अजून उकडत असेल तर पान्झानेल्ला मिळेल, भिजवून पिळलेला ब्रेड, कांदा, काकडी, टोमॅटो, व्हिनेगर, थंडच खायचं.

पण, हा पण महत्त्वाचा आहे. रिबोल्लितामध्ये काही ठिकाणी चवीला हॅमचं हाड किंवा मांसाचा स्टॉक घालतात आणि ते मेनूवर लिहिलेलं नसतं. दर वेळी विचारा, "चे कार्ने नेल ब्रोदो?" (रश्श्यात मांस आहे का?) आणि नुसतं व्हेजिटेरियन सांगून थांबू नका, "सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोश्युत्तो" (मांस नको, हॅम नको) हेही सांगा, कारण हॅमचे चार तुकडे म्हणजे मांस असं बऱ्याच जुन्या लोकांच्या मनातच येत नाही. वाईट हेतू नसतो, प्रेमाने वरून पसरून देतात.

अंड्याचं जास्त लक्ष ठेवा. ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, पाप्पार्देल्ले, तोर्तेल्ली, हा इथे अंड्यातच मळतात. साबांसाठी सुका पास्ता मागा, स्पगेटी किंवा पेन्ने, तो फक्त गहू आणि पाणी. सिएनाकडचा पिची नावाचा जाड हाताने वळलेला पास्ता इथेही मिळतो, तोही परंपरेने बिनअंड्याचा पण विचारून घ्या. तुम्ही येताय तो पोर्चीनी मशरूमचा हंगाम आहे, मेनूवर ताल्यातेल्ले आय फुंगी पोर्चीनी दिसेल, तोच सॉस स्पगेटीवर घालून द्या म्हटलं तर साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, कुणी नाही म्हणत नाही.

आता जागा. सान्तांब्रोजोची मंडई तुमच्या घरून दहा मिनिटं, सकाळी सुरू आणि दुपारी दोनच्या सुमारास आवरतात, रविवारी बंद. आत दा रोक्को म्हणून छोटी त्रात्तोरिया आहे, बसायला लाकडी बाकं, आजूबाजूला भाजीवाले, मंडईतले लोकच जेवायला येतात. रिबोल्लिता, पाप्पा, वांग्याचं पार्मिज्याना असं रोज काही ना काही असतं आणि दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी. बाराला जा, एकला गर्दी. जेवून उठलात की बाहेरच्या ठेल्यांवरून अंजीर आणि द्राक्षं घ्या, सप्टेंबरची अंजिरं दाबून बघायला देत नाहीत, हात लावू नका, बोटाने दाखवा, तो पिशवीत घालून देतो.

सान लोरेन्झोची मोठी मंडई म्हणजे मेर्कातो चेन्त्राले. लोखंड आणि काचेची इमारत, १८७४ ची, जुझेप्पे मेन्गोनी ह्या आर्किटेक्टची, मिलानची ती प्रसिद्ध गॅलेरिया त्याचीच. साबूंना दाखवा. खालच्या मजल्यावर अजून खरी मंडई आहे, वरच्या मजल्यावर २०१४ पासून फूड हॉल. पर्यटकी आहे, पण चौघांच्या चार तऱ्हा असताना त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, ज्याने त्याने आपापल्या काउंटरवरून आणायचं आणि एका टेबलावर बसायचं, संडासाची सोय आहे, रात्री उशिरापर्यंत चालू. पहिल्या संध्याकाळी दमून याल तेव्हा तिथेच जा.

आर्नो नदीपलीकडे सान्तो स्पिरितो चौकाजवळ ला कासालिंगा, १९६३ पासूनची घरगुती त्रात्तोरिया. रविवारी बंद. तिथे साबांसाठी एक पूर्ण ताट असं जमवा, एक रिबोल्लिता, एक फाजोली म्हणजे ऑलिव्ह तेलातला घेवडा, एक परतलेला पालक. मेनूत कोंतोर्नी म्हणून जो भाग असतो, स्टेकबरोबर तोंडी लावायच्या भाज्या, तोच शाकाहारी माणसाचा खरा मेनू. लोक तिकडे बघतच नाहीत.

बाकी जमेल तसं लिहिते, पोरगी शाळेतून यायची वेळ झाली.

मुठेकाठची :
आर्नोकाठी, किती किती धन्यवाद! कोंतोर्नीची गोष्ट तर कुठेच वाचली नव्हती. प्रिंट काढून पर्समध्ये ठेवतेय.

सह्याद्रीचा वारा :
वाचनखूण साठवली. अंड्याच्या पास्त्याचं माहीतच नव्हतं, माझी आई मागच्या वर्षी इटलीभर ताल्यातेल्ले खाऊन आली, आता तिला सांगत नाही.

पक्का नॉनव्हेज :
माझं मत वेगळं आहे. फ्लोरेन्सला जाऊन बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तीना हा स्टेक न खाणं म्हणजे तिथे जाऊन डुओमो, तिथलं मुख्य कॅथेड्रल, न बघणं. कियानीना जातीच्या बैलाचा, हाडासकट, चार बोटं जाडीचा, बाहेरून करपलेला आणि आतून लाल. "वेल डन" मागितला तर बरेच शेफ सरळ नाही सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. दर किलोवर असतो, किलोच्या खाली सहसा देत नाहीत, पन्नास-साठ युरोच्या पुढे धरून चला. २००१ नंतर काही वर्षं मॅड काऊ रोगामुळे युरोपात हाडासकट विकायला बंदी होती तेव्हा फ्लोरेन्सवाले अक्षरशः दुखवट्यात होते. बीफ खात नसाल तर ठीक, पण जे खातात त्यांनी धाग्याच्या नादाने चुकवू नये.

आर्नोकाठी :
पक्का नॉनव्हेज, खाणाऱ्याने जरूर खावा, पण मेनूवर कियानीना लिहिलंय का बघून. प्रत्येक फियोरेन्तीना कियानीनाची नसते, बरीचशी बाहेरून आलेली असते आणि दर तेवढाच लावतात.

मुठेकाठची ताई, तुमच्या दोघांसाठी बीफ वगळून लिहायचं राहिलंच होतं. सावध कुठे राहायचं ते आधी. रागू हा मांसाचा सॉस म्हणजे बहुतेक वेळा बीफ किंवा बीफ-डुक्कर एकत्र. पेपोझो हा रस्साही बीफचाच. आणि लाम्प्रेदोत्तो, ज्याचे ठेले गावभर आहेत, तो गाईच्या चौथ्या पोटाचा असतो, तेव्हा वासाला भुलून जाऊ नका. तुम्ही खात नाही तरी एखाद्या ठेल्यापाशी दोन मिनिटं उभं राहून बघा मात्र. टोमॅटो, कांदा, सेलेरीच्या पाण्यात तासन्‌तास शिजवलेलं ते ठेलेवाला सुरीने बारीक चिरतो, गोल पावाच्या खालच्या भागावर रचतो, हिरवी चटणी आणि तिखट विचारतो, आणि पावाचं वरचं झाकण काट्याला टोचून क्षणभर उकळत्या रश्शात बुडवून वर ठेवतो. सकाळी दहाला बांधकामावरचे लोक आणि बँकेतले साहेब शेजारी शेजारी उभे राहून खातात. ह्या शहराची ओळख मला विचाराल तर त्या ठेल्यावर आहे, डुओमोसमोरच्या टेबलांवर नाही.

तुम्ही दोघं हे खा: पाप्पार्देल्ले अल चिंगियाले, रुंद पास्त्यावर रानडुकराचं मुरलेलं मटण. फिनोक्कियोना, बडीशेप घातलेला डुकराचा सलामी, स्कियाच्यातात भरून. शुक्रवारी बऱ्याच ठिकाणी बाक्काला आल्ला लिव्होर्नेसे, म्हणजे खारवलेला कॉड मासा टोमॅटोत. आणि चिकनसाठी व्हिया देल पोर्चेल्लानामधलं सोस्तान्झा, १८६९ पासूनचं. तिथे कोंबडीच्या छातीचा तुकडा भरपूर लोण्यात कोळशावर शिजवून त्याच कढईत तडतडत टेबलावर आणतात, पोल्लो अल बुर्रो, मसाला शून्य, तरी ब्रेडने कढई पुसून खावी लागते. तिथलाच आर्टिचोकचा फुगलेला ऑम्लेटसारखा तोर्तीनो साबूंना द्या. जागा अगदी छोटी, अनोळखी लोकांशेजारी बसवतात, फोन करून टेबल ठेवावं लागतं आणि तेव्हाच विचारा कार्ड घेतात का, रोख जवळ असू द्या. साबांसाठी मात्र तिथे फारसं नाही, ती संध्याकाळ तुमच्या दोघांची ठेवा.

अभ्यासू आत्या :
जैन मैत्रिणीबरोबर गेले होते त्यामुळे दोन गोष्टी लिहिते. पार्मिज्यानो चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, तो त्यांचा नियमच आहे, तेव्हा कडक शाकाहारी माणसाने "सेन्झा फोर्माज्जो" (चीज नको) सांगावं. पेकोरीनो तोस्कानोतही सहसा असतं. मोझरेलात सुद्धा बऱ्याचदा असतं. पान्ना कोत्ता ह्या गोड पदार्थात जिलेटिन, तिरामिसूत अंडं. कांदा-लसूण नको असेल तर सूप विसरा, आधीच शिजवलेली असतात. त्याऐवजी पेन्ने ऑलिव्ह तेल-टोमॅटोत ताजे करून मागा, पिंझिमोनियो मागा, म्हणजे कच्च्या भाज्यांच्या काड्या उत्तम ऑलिव्ह तेल-मिठात बुडवून खायच्या, आणि चेचीना मिळाली तर सोडू नका. हे हरभऱ्याच्या पिठाचं, पाणी, तेल, मीठ घालून भट्टीत भाजलेलं, चवीला थेट आपलं डाळीच्या पिठाचं धिरडं. मूळ पिसा-लिव्होर्नोकडचं, पण फ्लोरेन्समध्येही काही पिझ्झाच्या दुकानात तुकड्यावर मिळतं. मैत्रीण तीन दिवस त्यावर खूश होती.

मुठेकाठची :
अभ्यासू आत्या, रेनेटचं साबांना सांगावं की नाही ह्यावर घरी चर्चा झाली, शेवटी सांगितलं, त्यांनी ठरवलं की चीज नको. मग आता पिझ्झा मारिनारा का? त्यात चीज नसतं ना?

अभ्यासू आत्या :
बरोबर, मारिनारात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. आणि सांगितलंत ते चांगलं केलंत.

पुणेरी पर्यटक :
एवढा खटाटोप कशाला, स्टेशनच्या आसपास भारतीय जेवण मिळतं, दाल-राईस-रोटी. ज्येष्ठांना तेच बरं. आम्ही रोज तेच केलं.

सह्याद्रीचा वारा :
असहमत. एखादी रात्र ठीक आहे, पोट बिघडलं तर उपयोगी. पण रोज रोटी खायला ज्येष्ठांना एवढ्या लांब का न्यायचं? माझ्या आईला पाप्पा आल पोमोदोरो इतकं आवडलं की आता घरी उरलेल्या पावाचं तेच करते, फक्त वरून जिऱ्याची फोडणी.

आर्नोकाठी :
पुणेरी पर्यटक, तुमचा मुद्दा समजतो, माझे स्वतःचे आईवडील आले तेव्हा दोन दिवसांनी भात मागितलाच. पण ह्यांच्याकडे किचन आहे, खिचडी घरी होईल. बाहेर जे मिळतं ते बाहेर खावं.

शाकाहारींसाठी अजून एक जागा, अगदी तुमच्या वाटेवर. व्हिया देई व्हाजेल्लाईवर ब्राक म्हणून पुस्तकाचं दुकान आहे आणि आत शाकाहारी-व्हीगन किचन. पुस्तकांमध्ये बसून जेवायचं. साबांना तिथे मांसाबद्दल एकही प्रश्न विचारावा लागणार नाही, हेच मोठं सुख. जागा आधी सांगून ठेवा.

ब्रेडबद्दल राहिलं. इथल्या ब्रेडमध्ये मीठच नसतं, मुद्दामच. साबा पहिला घास घेऊन तुमच्याकडे बघतील. तो नुसता खायचा नसतो, तेल-मीठ लावून, घेवड्याबरोबर किंवा सूपमध्ये. चवीचा ब्रेड हवा तर स्कियाच्याता. डेव्हिड बघून अकादमियातून बाहेर पडलात की दोन मिनिटांवर सान मार्को चौकात पुजी नावाची बेकरी आहे, नंबरची चिठ्ठी घ्यायची, तुकडा वजनावर कापून देतात. तुम्ही येताय तेव्हा द्राक्षतोडणी चालू असेल, म्हणजे स्कियाच्याता आल्ल'उव्हा मिळेल. दोन थरांमध्ये बारीक काळी द्राक्षं बियांसकट भाजलेली, रस कडांवरून बाहेर येऊन करपलेला असतो आणि तो करपलेला कोपराच मागायचा. वर्षातून काही आठवडेच मिळते, मी आतापासून वाट बघतेय. आत तेल की डुकराची चरबी हे विचारून घ्या, चांगल्या बेकऱ्या तेलच वापरतात. ऑक्टोबर लागला की कास्तान्याच्चो, चेस्टनटच्या पिठाचा चपटा केक, अंडं नाही, साखर नाही, वर रोझमेरी आणि चिलगोज्यासारखे पाईन नट्स. गोड फार नसतो, साबूंना चहाबरोबर आवडेल.

हिशेबी माणूस :
पैशाच्या बाबतीत लिहितो. बिलावर कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो असतात, ती फसवणूक नाही, टेबल-ब्रेडचे पैसे, पण मेनूवर छापलेले असलेच पाहिजेत, बसण्यापूर्वी बघा. टीप सक्तीची नाही. कॉफी उभ्याने बारवर घेतली तर सव्वा-दीड युरोच्या आसपास, तीच चौकातल्या टेबलावर बसून घेतली तर तिप्पट-चौपट. रिव्होआर १८७२ चं आणि जिल्ली १७३३ चं, दोन्ही भारी कॅफे आहेत, आत जाऊन काउंटरवर उभ्याने कॉफी घ्या, सजावट फुकट बघायला मिळते. पिण्याचं पाणी रेस्टॉरंटमध्ये बाटलीचंच देतात, पण सिन्योरिया चौकात पालाझ्झो व्हेक्कियो ह्या जुन्या नगरभवनाच्या बाजूला पालिकेचा नळ आहे, साधं आणि बुडबुड्यांचं दोन्ही फुकट. बाटल्या भरून घ्या.

एक अनुभव. मोठ्या चौकातल्या एका ठिकाणी, नाव देत नाही, बाहेर पंधरा युरोचा टुरिस्ट मेनू लावलेला, आत बसल्यावर तो "आज नाही" आणि चार साध्या पास्त्यांचं बिल शंभरीच्या पुढे, वर सर्व्हिस चार्ज. पास्ता गरम केलेला, मधून थंड. दारात उभा राहून हाताला धरून आत बोलावणारा माणूस आणि सहा भाषांत फोटोंचा मेनू दिसला की पुढे चालू पडा.

इतिहासप्रेमी :
आणि हे त्या शहराला कळतही असतं. जुनं केंद्र १९८२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि २०१६ मध्ये पालिकेने तिथल्या नव्या खाद्य दुकानांना सत्तर टक्के माल स्थानिक वापरण्याचा नियम केला. त्याच वर्षी मॅकडॉनल्ड्सला डुओमोच्या चौकात परवानगी नाकारली तर कंपनीने सुमारे १८ मिलियन युरोंचा दावा लावला. पालिका मागे हटली नाही. मला हे फार आवडलं, आपल्याकडच्या जुन्या पेठांसाठी कुणी एवढं भांडलं असतं तर!

वाईन आवडत असेल तर भिंतींमध्ये गुडघ्याच्या वर छोट्या कमानीच्या खिडक्या दिसतील, बुकेत्ते देल व्हिनो, सोळाव्या शतकापासूनच्या, सरदार घराणी आपल्या मळ्यातली वाईन थेट रस्त्यावर विकायची. गावात दीडशेच्या वर आहेत. १६३० च्या प्लेगमध्ये विकणाऱ्याला गिऱ्हाइकाला शिवावं लागू नये म्हणून त्या कामी आल्या आणि २०२० मध्ये कोविडात काही परत उघडल्या. सान्तो स्पिरितो रस्त्यावर बाबाए नावाच्या जागी खिडकीवरची घंटा वाजवली की हात बाहेर येतो आणि ग्लास देतो.

भटका खवय्या :
जेलातोबद्दल, म्हणजे इथल्या आइस्क्रीमबद्दल, कुणीच नाही लिहिलं! पिस्ता भडक हिरवा आणि डोंगरासारखा रचलेला असेल तिथे जाऊ नका, चांगला जेलातो झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात असतो आणि पिस्ता मळकट रंगाचा. व्हिवोली तुमच्या घराजवळच, कोन नाही, फक्त कपात देतात, हल्ली कॉफी ओतलेल्या अफोगातोसाठी मोठी रांग. व्हिया देई तावोलीनीवर पेर्के नो, १९३९ पासून. अंडं न खाणाऱ्यांनी क्रेमा आणि बुओन्तालेन्ती हे स्वाद टाळायचे, त्यात पिवळा बलक असतो. फळांचे सोर्बेत पाण्यातले असतात, फियोर दि लात्तेत, म्हणजे साध्या दुधाच्या जेलातोत, सहसा अंडं नसतं पण विचारा.

पंचगंगा :
उशिरा आलो धाग्यावर. कोल्हापूरचा असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, १८७० साली युरोप दौऱ्यावरून परत येताना फ्लोरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले. वय वीसच्या आसपास. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे दहनाची पद्धत नव्हती, तरी खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली, खाली त्यांचा अर्धपुतळा, डोक्यावर फेटा. तिथले लोक त्याला आजही इंदियानो म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही तेच. कास्चीने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला. साबूंना फार आवडेल, आणि मराठी माणसाने फ्लोरेन्सला जाऊन तिथे दोन फुलं न वाहता येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खाण्याशी संबंध असा की त्याच बागेत मंगळवारी सकाळी मोठा आठवडी बाजार भरतो, कपडे, भांडी, फळं, चीज, आणि पोर्केत्ताच्या गाड्या. अख्खं डुक्कर रोझमेरी, लसूण, मिरी भरून भाजलेलं, कापून पावात देतात. गावातले लोक येतात, पर्यटक कमी. मंगळवार जमवा.

मुठेकाठची :
पंचगंगा दादा, अंगावर काटा आला. साबूंना वाचून दाखवलं, ते म्हणाले उफित्सी एक दिवस कमी झाली तरी चालेल, इथे जायचंच. आमच्या दिवसांत एक मंगळवार आहे!

आतापर्यंतचं असं ठरलंय: पहिली संध्याकाळ मेर्कातो चेन्त्राले वरचा मजला. दुसऱ्या दिवशी डेव्हिड, पुजी, रात्री ब्राक. सान्तांब्रोजोला दोनदा तरी दुपारी. कासालिंगा एक रात्र. सोस्तान्झा आम्ही दोघं, तेव्हा घरी खिचडी. मंगळवारी कास्चीने. पण बाजारापासून छत्रीपर्यंत ज्येष्ठांना चालवेल का? आणि तिथे दुपारी काय खायचं, साबांना पोर्केत्ता नाही चालणार.

पंचगंगा :
आम्ही चाललो होतो, सावलीचा सरळ रस्ता आहे नदीकडेने, पण अंतर आहे. ज्येष्ठांचं आर्नोकाठी ताई सांगतील.

आर्नोकाठी :
ट्रामने टी १ घेऊन कास्चीने थांब्यावर उतरलात की बाजार समोरच. तिथून छत्री अडीच-तीन किलोमीटर, सपाट आहे पण साबा-साबूंना परतीचंही तेवढंच पडेल. बाजार आधी करा, अकरापर्यंत, मग टॅक्सी फोन करून बोलवा, इथे रस्त्यात हात दाखवून थांबत नाही, आणि पियाझ्झालेत्तो देल्ल'इंदियानो सांगा. टॅक्सीवाल्याला थांबवूनच ठेवा, तिकडे परत मिळायला वेळ लागतो.

खायचं बाजारातच बांधून घ्या. फळवाल्याकडे द्राक्षं-अंजीर, ब्रेडच्या गाडीवर साधी तेलाची स्कियाच्याता, आणि ऑलिव्हच्या गाडीवर सुके टोमॅटो, मुरवलेले आर्टिचोक, हिरवे ऑलिव्ह वजनावर. साबांसाठी त्याच स्कियाच्यातात टोमॅटो आणि आर्टिचोक भरून होतं, चीज नाही, अंडं नाही. छत्रीजवळ झाडाखाली बाकं आहेत. सुरी घरून घ्या, पण परतीच्या विमानात हँडबॅगेत राहू देऊ नका.